गाडी हलायची नाही

अलफियाची अट एकच होती, आणि ती तिनं तीनदा सांगितली होती. झिनत गाडीत असेपर्यंत गाडी हलायची नाही.

पहिल्यांदा तिनं ती विकासला सांगितली. विकास म्हणजे गळ्यात भोंगा अडकवून दिवसभर माळावर पळणारा सहायक. दुसऱ्यांदा सुनंदा मॅडमना, कारण सिनेमा त्यांचा होता. आणि तिसऱ्यांदा, परवानगीच्या कागदावर आई म्हणून सही करताना, ती स्वतःशीच पुटपुटली.

"ताई, गाडी कुठली हलतेय," विकास म्हणाला. "इथं खरं काय आहे सांगा बघू. फक्त ऊन."

त्यात खोटं काही नव्हतं. खालापूरच्या अलीकडं, टोलनाक्यावरची घरघर वाऱ्यासरशी ऐकू यावी इतक्या अंतरावर, पिवळ्या गवताच्या माळावर एक गाव उभं राहिलं होतं. गुत्ता, बँक, तुरुंग, न्हाव्याचं दुकान. समोरून बघावं तर कुठल्या तरी परक्या मुलखातलं, आणि मागं जावं तर नुसते वासे आणि प्लायवूड. चाळीस वर्षांपूर्वी बंदुकांचा असा एक सिनेमा येऊन गेला होता. त्यात पाच दरोडेखोर एकेक करून मरायचे आणि थिएटरातल्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. अलफियाच्या सासऱ्यांनी तो कर्जतला तीनदा पाहिला होता. तोच सिनेमा आता सुनंदा मॅडम पुन्हा काढत होत्या, पण हसवायला. म्हणून दरोडेखोरही तसलेच घेतले होते, ज्यांच्या कार्यक्रमाची तिकिटं महिनाभर आधी संपतात. एक गायक, एक जादूगार, एक नकलाकार, पन्नाशीतही ढोलकी वाजली की ज्यांचे पाय ठरत नाहीत त्या आवडीबाई, आणि या सगळ्यांचा म्होरक्या नवनाथ.

नवनाथमुळेच तर अलफिया झिनतला या सिनेमात द्यायला हो म्हणाली. झिनत झाल्यावरचे पहिले तीन महिने तिला हसूच येत नव्हतं. का, ते तिला सांगता आलं नसतं. भिसेगावच्या खोलीत भिंतीला टेकून ती बाळाला पाजायची, मोबाइलचा आवाज बंद ठेवायची, आणि पडद्यावर नवनाथ नुसत्या भुवया हलवायचा. एक दिवस ती हसली. तिचं अंग हललं तसं बाळानं दूध सोडलं आणि वर बघितलं, जणू या बाईला हेही येतं हे त्याला आत्ताच कळत होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

सिनेमातल्या कामासाठी मुंबईहून आणलेलं बाळ तापानं फणफणलं आणि आल्या गाडीनं परत गेलं, तेव्हा नवनाथ स्वतः तिच्याकडं आला. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत तो झिनतला खेळवत होताच.

"वहिनी, ही माझ्याकडं बघून हसते," तो म्हणाला. "पोरं सहसा रडतात. माझीसुद्धा रडायची."

अलफियाचा नवरा तालिब या माळावर आला होता घोडीमुळं. माथेरानच्या घोडेवाल्यांत त्याची बिजली सगळ्यांच्या ओळखीची. डोंगरावर घोड्यांना अशीच दणदणीत नावं ठेवतात, आणि बिजली त्या सगळ्यांत संथ. परीक्षांचे दिवस, वर गिऱ्हाईक नाही, म्हणून आठ घोडी खाली उतरवली होती. पण पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. नवनाथ ऐटीत खोगिरावर बसला, टाच मारली, लगाम खेचला. बिजली उभी. कॅमेरा चालू, धूर सोडलेला, आणि बिजली उभी. शेवटी तालिब कंटाळून पुढं चालायला लागला तशी ती निमूट त्याच्या मागं निघाली.

"लगाम फोटोपुरता असतो, साहेब," तालिबनं समजावलं. "वर आमी पुढं चालतो, घोडा मागनं येतो. गिऱ्हाईक दिसभर लगाम वढत असतंय, त्यानं किती मनावर घ्यायचं?"

मग त्यावर तोड निघाली. तालिबलाच टोपी-कोट चढवून पळणारा चोर केला. तो पुढं, पाच दरोडेखोर मागं. तो जितका पळेल तितकी बिजली दौडायची, तो वळून बघायला थांबला की जागच्या जागी थांबायची, आणि नवनाथ तिच्या मानेवर आदळायचा. अख्खं युनिट पोट धरून हसलं.

तिसऱ्या दिवशी मात्र अलफियाला हसू आलं नाही.

ताडपत्रीची गोल छपरी असलेली गाडी गुत्त्यासमोर उभी होती. दरोडेखोर ती लुटतात आणि आत खजिन्याऐवजी बाळ निघतं, असा प्रसंग. गुत्त्यापासून वाट उताराला लागायची. खाली कोरडा नाला, त्याच्यावर जुनी दगडी मोरी, बिनकठड्याची आणि अरुंद. माणूस जाईल, मोटरसायकल जाईल, ही गाडी जाणार नाही. मोरीच्या पलीकडं टेंपो आणि धडधडणारा जनरेटर. अलफियानं सकाळी आल्याआल्याच ती वाट नजरेनं मोजली होती.

आधी ठरलं होतं, घोडी जुंपायचीच नाही. मग सुनंदा मॅडमनी छोट्या पडद्यावर बघितलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"घोडीशिवाय ही गाडी भाजीवाल्याची वाटते. अलफिया, बिजली नुसती जुंपून उभी करू. तालिब तिच्या तोंडाशी राहील. चालेल ना?"

चालेल, असं अलफिया म्हणाली. चाकाखाली दगड होताच.

मग चाकाखालचा दगड दिसायला लागला. तो काढला. मग तालिबच्या शर्टाची निळी बाही दिसायला लागली, म्हणून त्याला वाटेवर दहा पावलं पुढं उभं केलं. दर वेळी मागणं इतकं थोडं असायचं की नाही म्हणायची लाज वाटावी. दर वेळी मॅडम गोड आवाजात विचारायच्या आणि अलफियाची मान हलायची.

"पोरी, एकेक करून समदंच काढलं की गं त्यांनी," शेजारची चिमा म्हणाली. चिमा जवळच्या वाडीवरची. वाडीवरच्या सात-आठ बायकांना गावातली गर्दी म्हणून आणलं होतं, सगळ्यांना घेरदार झगे आणि झालरीच्या टोप्या चढवल्या होत्या. "माजी सून म्हनं, आत्या, आता कारवी तोडाया असंच जा. रानातली वांदरं सलाम ठोकतील."

"झिनतचे अब्बा हायत ना पुढं," अलफिया म्हणाली.

"हाय खरा. पन दोरी कुठं हाय त्याच्या हातात?"

अलफियानं विकासला गाठलं. "गाडीला ब्रेक हाय का?"

"हा काय." विकासनं गाडीच्या कडेचा लाकडी दांडा दाखवला. काळा रंग मारलेला, चांगला मांडीएवढा जाड.

झिनतला पांढरं झबलं घातलं होतं. नवनाथनं तिला मांडीवर घेतलं, शेजारी आवडीबाई बसल्या. बाकीचे तिघं गुत्त्याच्या ओसरीवर बंदुका सरसावून उभे राहिले. झिनत आधी मजेत होती. नवनाथच्या मिशीला हात घालत होती. पण कुणीतरी ऊन परतवायचा चकचकीत पत्रा फिरवला, लख्ख तिरीप तिच्या डोळ्यांवर आली, आणि तिनं तोंड वेंगाडलं.

नवनाथनं भुवया हलवल्या. आवडीबाईंनी टाळ्या वाजवल्या. जादूगारानं लांबून रुमालाचं कबूतर केलं. झिनत रडायची थांबेना. आधी नुसतं रडणं होतं, मग हुंदके आले, मग ते श्वास अडकल्यासारखं मधेच गप्प होणं. तिच्या ओढणीखाली कुडता ओला झाला. आठ महिने तिचं अंग तिच्या आधी उठून बाळाकडं जात होतं.

"एक मिनिट फक्त शांत झाली की झालं," मॅडम म्हणाल्या. "तिला कशानं शांत वाटतं?"

अलफियाला माहीत होतं. तिच्या जुन्या ओढणीची हिरवी चिंधी. ती मुठीत धरली की झिनत जगाला माफ करून टाकायची. चिंधी टेंपोतल्या पिशवीत होती.

"अवो," तिनं तालिबला हाक मारली. "टेंपोत पिशवीत तिची चिंधी हाय. पळत जा."

आणि तालिब पळत गेला. लेकरू रडतंय, बायको बोलावतेय, तो उताराला लागला तो मागं न बघता.

अलफियानं हे जन्मभर आठवलं असतं तरी तिला कळलं नसतं की त्या क्षणी तिला सुचलं कसं नाही. घोडेवाल्याच्या घरात तिची चार वर्षं गेली होती. पण त्या क्षणी तिच्या डोक्यात फक्त चिंधी होती.

बिजलीचे कान पुढं झाले. तिनं मान खाली घातली आणि पाऊल उचललं.

चाकांना रबर लावलेलं होतं, आवाज नोंदवताना खडखड नको म्हणून. गाडी मुकाट निघाली. विकासला वाटलं, मॅडमनी सांगितलं असेल. मॅडमना वाटलं, विकासनं. पहिली पाच-सहा पावलं कुणी काही बोललंच नाही. मग उतार लागला, बिजली दुडक्या चालीला आली, आणि ओसरीवरून गायक ओरडला.

आवडीबाईंनी दांडा ओढला. दांडा खिळ्यांसकट त्यांच्या हातात आला. नवनाथनं एका हातानं झिनतला छातीशी धरून दुसऱ्या हातानं लगाम खेचला. बिजलीनं आयुष्यभर खेचून घेतला होता, आताही घेतला. दोन्ही बाजूंनी चार माणसं हात हलवत धावली तशी ती बिचकली आणि चाल वाढली.

तालिब पुढं पळतच होता. समोरून जनरेटरची धडधड येत होती. तो जितका पळत होता तितकी बिजली पळत होती, आणि वाट मोरीकडं जात होती.

अलफियाच्या ओठांवर शब्द आला तो 'थांबा' हाच. तो तिनं गिळला. तालिब थांबला की बिजली थांबणार, जागच्या जागी, तिला दुसरं येतच नव्हतं. पण गाडी थांबणार नव्हती. माथेरानच्या उतारावर तिनं हातरिक्षा उतरताना पाहिल्या होत्या. पुढचा माणूस दचकून थबकला की मागचा सगळा भार त्याच्यावर कसा येतो आणि गाडी कशी आडवी होते, तेही पाहिलं होतं.

भोंगा विकासच्या गळ्यात होता. तिनं पट्ट्यासकट ओढला तसा विकास कमरेत वाकला आणि तसाच वाकून राहिला.

"कोणी पळू नका," ती भोंग्यात म्हणाली. "हायत तिथं उभे राहा. सगळे."

स्वतःचा आवाज माळावर पसरलेला ऐकून ती क्षणभर घाबरली. पण धावणारी माणसं थांबली.

"तालिब." चारचौघांत तिनं त्याला नावानं कधी हाक मारली नव्हती. "मागं बघू नका. थांबू नका. मी काय सांगते ते ऐका."

लांब उतारावर त्याचं पाऊल अडखळलं. मान वळायला लागली.

"बघू नका. बिजली तुमच्या मागं हाय. गाडी तिला जुंपलेली हाय." पुढचं वाक्य म्हणावं की नाही हे ठरवायला वेळ नव्हता. "झिनत गाडीत हाय."

त्याची मान तिथल्या तिथं थिजली, अर्धी वळलेली. मग ती हळूहळू पुन्हा सरळ झाली. एवढ्या लांबूनही अलफियाला दिसलं, की त्याच्या खांद्यांना ते किती जड गेलं.

"पळायचं बंद करा. एकदम नाय. पावसात मालाची घोडी उतरवता ना, तसं चाला. हळू. अजून हळू."

तालिब चालायला लागला. त्याच्या मागं बिजलीची चाल उतरली. मागं गाडी तिच्या अंगावर लोटत होती, आणि तिचे मागचे पाय जमिनीत रुतून घसरत होते. झिनत रडत होती. ते आता त्याला ऐकू येत असणार. बाप पुढं, लेक पंधरा पावलं मागं, आणि त्यानं तिच्यापासून लांब चालत राहायचं होतं.

गाडीत नवनाथ उठून उभा राहिला. झिनतला कवटाळून तो कडेला आला, एक पाय बाहेर.

"नवनाथभाऊ, उडी मारू नका. खाली बसा. फळीवर नाय, खाली, तळाशी. आवडीबाई, तुमी पण."

महाराष्ट्रभर टाळ्या घेणारी ती दोन माणसं मुकाट गाडीच्या तळाशी बसली.

मोरी आता चाळीस पावलांवर होती. तिच्या अलीकडं डाव्या हाताला बैलगाडीची एक चाकोरी फुटत होती, माळाच्या चढावर एका आंब्यापर्यंत जाणारी. तिच्या तोंडाशी पावसात वाहून आलेले दगड होते.

"पुढं डाव्या बाजूला चाकोरी हाय. दिसली?"

त्यानं उजवा हात जरासा वर केला. दिसली.

"तिथं वळा. मोठं वळण घ्या. एकदम वळू नका, नायतर ती आडवी येईल."

तालिब वळला. वळताना त्याला डोळ्यांच्या कडेनं सगळं दिसलं असतं, म्हणून त्यानं हात गालाला लावून डोळा झाकला. अलफियानं भोंगा तोंडापासून हलवला नाही.

बिजली वळली. गाडीचं उजवं चाक दगडावर चढलं, छपरी कलली, आणि झिनतचं रडणं मधेच तुटलं. ओसरीवर कुणीतरी देवाचं नाव घेतलं. चाक धप्पकन खाली आलं. छपरी डुचमळत सरळ झाली.

"चाला," अलफिया म्हणाली. "चढ लागलाय. चाला. थकल्यासारखं चाला."

चढावर गाडीनं बिजलीला ढकलायचं सोडलं, मग तिला मागं ओढायला लागली. बिजली फुरफुरली, दोन पावलं रेटली. तालिब आणखी मंद झाला. आंब्याच्या पंधरा-वीस पावलं अलीकडं गाडी उभी राहिली. विकास वाकलेला होता तो सुटला, आणि चाकाखाली लावायला दगड घेऊन चालत गेला. पळायची परवानगी अजून कुणालाच नव्हती.

अलफियासुद्धा चालतच गेली. उतार, वळण, चढ, सगळं चालत. आयुष्यात तिला इतकं लांब कधी चालावं लागलं नव्हतं.

झिनत गाडीच्या तळाशी नवनाथच्या पोटावर होती. ती रडत नव्हती. त्याच्या छातीवरचा पत्र्याचा बिल्ला तिनं तोंडात धरला होता आणि लाळेनं त्याचा सोनेरी रंग तिच्या हनुवटीवर उतरला होता. अलफियानं हात पुढं केले. नवनाथनं झिनतला सोडलं नाही.

"द्या," ती म्हणाली.

"देतो, वहिनी. बोटं उघडेनात."

आवडीबाईंनी एकेक करून त्याची बोटं सोडवली. नवनाथच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, भुवयासुद्धा जागच्या जागी होत्या, आणि तो चेहरा अलफियानं यापूर्वी कधी पाहिला नव्हता.

झिनतला खांद्याशी घेऊन ती पुढं गेली. तालिब अजून पाठमोरा उभा होता. वळा असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, म्हणजे त्याला वळावं लागू नये. त्यानं लेकीचे पाय चाचपले, मग हात, मग डोकं, जत्रेत घोडी विकत घेताना तपासतो तसं. मग तो चाकोरीतच खाली बसला.

"मी पळत जा म्हटलं," अलफिया म्हणाली.

"मी पळालो," तालिब म्हणाला.

अलफिया त्याच्या पाठीला पाठ लावून खाली बसली, कारण झिनतनं तिच्या कुडत्याशी नाक घासायला सुरुवात केली होती. खालून माणसं येत होती. प्रकाशवाले, मेकअपवाले, बंदुका टाकून आलेले तिघे दरोडेखोर, आणि सगळ्यांच्या मागं सुनंदा मॅडम. माळावर एक झुडूप नव्हतं. अलफियानं ओढणी सावरली, पण माळावरच्या वाऱ्यात ती ठरत नव्हती.

तेवढ्यात चिमा आली. तिनं काही विचारलं नाही. अलफियाच्या समोर उभी राहिली आणि झग्याचा घेर दोन्ही हातांनी फाकवला. तिच्या शेजारी वाडीवरची दुसरी बाई, मग तिसरी. आठ घेरदार झगे, आठ झालरीच्या टोप्या, आणि मध्ये गोलात सावली. झिनत दुधाला लागली. तिचा घसा गुटगुट वाजायला लागला तेव्हा कुठं तालिबच्या पाठीतून एक हुंदका अलफियाच्या पाठीत आला.

बाहेर कॅमेरावाला हलक्या आवाजात सांगत होता की कॅमेरा पूर्ण वेळ चालूच होता, मॅडम, सगळं मिळालंय, असं पुन्हा मिळणार नाही.

"पुसून टाक," मॅडम म्हणाल्या. मग झग्यांच्या भिंतीजवळ आल्या. "अलफिया, मी दगड काढायला सांगायला नको होता."

दगड एकानं काढला होता, पळत जा दुसरीनं म्हटलं होतं, आणि हे कुणी कुणाला माफ करायचं ते अलफियाला आत्ता ठरवायचं नव्हतं. ती झिनतच्या कानामागचा घाम पुसत होती.

"मॅडम, मग पुढचं काय?" विकास विचारत होता. "ऊन उतरतंय. बाहुली घेऊ का? किती वेळ थांबायचं?"

चिमानं मान वळवली, झग्याचा घेर न सोडता.

"पोरीचं पोट भरंस्तवर," ती म्हणाली. "आन् तवर तुमचं तोंड तिकडं करा."

सगळ्या युनिटनं तोंड फिरवलं. पाचही दरोडेखोरांनी टोप्या काढल्या आणि खालापूरच्या दिशेनं बघत उभे राहिले.